आठव्यातलं बाळ आणि आजीचा नवस

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि कुटुंबाची श्रद्धा’. त्यावर बोलणारच आहे. पण आधी माझं एक जुनं भांडण आहे, ते उरकून घेते. जन्मभर नवजात कक्षात सिस्टर म्हणून काढलाय, तेवढा हक्क आहे मला.

भांडण एका वाक्याशी आहे. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ कोणी कोणी ऐकलंय? हात वर करा... अहो, मागच्या रांगेतल्या काकांचाही हात वर आहे! म्हणजे हे काही फक्त बायकांचं खूळ नाही. आणि फक्त आपलंही नाही. ग्रीकांमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर आठव्या महिन्याच्या गर्भावर आख्खं लिखाण आहे, त्यातही हाच सूर. आता साधा हिशोब करा. पोटात एक एक आठवडा जास्त मिळाला की फुप्फुसं तेवढी तयार होतात, अंगावर चरबी धरते, दूध ओढायची ताकद येते. मग आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा नाजूक कसं असेल? पण सांगायचं कुणाला!

एक बाई होती आमच्याकडे. सिझर झालेलं, आठवा नुकता लागलेला. बाळ दीड किलोच्या आत, ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवलेलं, नाकात नळी. दुपारी तिची आत्येसासू आली. दाराच्या काचेतून बघितलं आणि विचारलं, “कितवा होता?” “आठवा.” आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. बोलल्या काही नाहीत. संध्याकाळी मी दूध मागायला गेले, तर स्टीलची वाटी कोरडी. “कशाला काढू, सिस्टर?” म्हणाली. म्हणजे बघा, बाळाला काही झालं नव्हतं, पण एका पदरानं त्याचं जेवण बंद केलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचा चीक म्हणजे औषध. जंतुसंसर्गापासून तोच वाचवतो, आणि तोच थांबला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. कमरेला बटवा, बटव्यात अंगारा. नवस बोलून आलेल्या, की बाळाला घेऊन देवीची ओटी भरेन. आता अंगारा बाळाच्या कपाळाला लावायचा म्हणून हटून बसल्या. त्या बाळाची कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा मोजाव्यात. मी म्हटलं, “आजी, अंगारा सुनेला लावा. तिनं दूध काढलं की बाळापर्यंत पोचतो.” आजींनी माझ्याकडे नीट बघितलं. थट्टा आहे का, ते तपासलं. मग सुनेच्या कपाळाला बोट टेकवलं आणि म्हणाल्या, “चल गं, काढ.” नुसतं म्हणून थांबल्या नाहीत, दर दोन-तीन तासांनी वाटी घेऊन उभ्या!

पुढे सुनेला ताप आला, तेव्हा बाळाला छातीशी घ्यायला आजीच बसल्या. आंघोळ केलेली, चोळी सोडलेली, बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच, उभं धरून कातडीला कातडी, वरून लुगड्याचा पदर. मला हळूच विचारतात, “देवाचं नाव घेतलं तर मशीन बिघडणार नाही ना?” म्हटलं, मशीनला काही होत नाही, मोबाईल तेवढा बंद ठेवा.

सटवाई रात्री येऊन कपाळावर लिहिते म्हणतात ना? आमच्या वॉर्डात त्याच वेळी मी तापमान आणि लघवी लिहीत बसलेली असायची. दोघींनी आपापलं लिहिलं, भांडण कधी झालं नाही.

चिठ्ठी आली वाटतं. पाच मिनिटं? बरं, मग भराभर सांगते.

छातीशी धरायची ही पद्धत १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या सरकारी दवाखान्यात सुरू झाली. पेट्या कमी, बाळं जास्त, म्हणून डॉक्टर एडगर रे यांनी आयांनाच पेटी केलं. पूर्वी आम्हाला शिकवायचे, बाळ स्थिर होऊ द्या, मग आईकडे द्या. २०२१ मध्ये पाच देशांतला अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतली बाळं जन्मल्याबरोबर छातीशी ठेवली, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटले. म्हणजे आईला पेटीपासून लांब बसवणं चूक. दूध नसेल तर दूधपेढी आहे, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध साठवून बाळांना पुरवणारी पेढी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली पेढी उघडली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की घरच्यांच्या श्रद्धेला वॉर्डाबाहेर बाकावर बसवू नका. तिला वाटी द्या, टोपी-मोजे द्या, हात धुवायला साबण द्या. काम मिळालं की ती आत्याबाईंच्या पदरालाही पुरून उरते.

आणि खरी परीक्षा घरी गेल्यावर. नवस फेडायला सगळे गाडी करून जातात, पण डोळे तपासायला कुणी येत नाही. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासलाच पाहिजे. उशीर झाला तर नजर जाऊ शकते. शिवाय शेजारच्या बाळाशी तुलना नको. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर त्याच्याकडून चार महिन्यांइतकंच मागा. लसी मात्र जन्मतारखेनंच.

दुसरी चिठ्ठी आली. काका, हात खाली घेतला तरी चालेल आता. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, मी आहे.