तीनच्या जागी दोन: कॉकपिटमधला टॅब्लेट किती भरवशाचा?

[दृश्य: रात्रीचा विमानतळ. गेटजवळ थांबलेली विमानं.]

28 एप्रिल 2015. अमेरिकन एअरलाइन्सची बोइंग 737 विमानं निघायच्या तयारीत आहेत. इंजिनात बिघाड नाही. प्रवासी पट्टे बांधून बसलेत. आणि कॅप्टनच्या आयपॅडवरचं चार्टचं, म्हणजे विमानतळांच्या आणि मार्गांच्या नकाशांचं ॲप बंद पडतं. शेजारी फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या आयपॅडवरही तेच. मग दुसऱ्या विमानात, तिसऱ्या विमानात. डझनावारी उड्डाणं रखडली. काही विमानांना गेटवर परतावं लागलं, कारण ॲप काढून पुन्हा टाकायला वायफाय हवं होतं.

कारण सापडलं ते एवढंसं. वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळाचा एक चार्ट डेटाबेसमध्ये दोनदा आला होता. दोन प्रतींचा मेळ ॲपला घालता आला नाही आणि ते बंद पडलं.

[दृश्य: जुनी चामडी फ्लाइट बॅग. कागदी चार्टच्या जाड फायली.]

हे टॅब्लेट कॉकपिटमध्ये आले ते या बॅगेच्या जागी. विमानतळांचे नकाशे, उतरण्याचे मार्ग, विमानाची नियमपुस्तकं, असं सगळं मिळून जवळजवळ 16 किलोचं ओझं प्रत्येक वैमानिक वाहत असे. 2013 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या ताफ्यातून या बॅगा काढल्या, तेव्हा वर्षाला 4 लाख गॅलन इंधन वाचेल असा कंपनीचा हिशेब होता.

कागदाबद्दल हळहळण्याचं कारण नाही. चार्टची माहिती दर 28 दिवसांच्या चक्राने बदलते. जुनी पानं काढून नवी पानं हाताने लावायची, आणि त्यात एखादं पान चुकीच्या जागी गेलं तर ते कळायचं थेट विमान उतरवताना. टॅब्लेटने हा धोका खरोखरच कमी केला.

टॅब्लेट बंद पडेल, हे गृहीत धरूनच नियम केले आहेत. कॉकपिटमधला हवेचा दाब अचानक गेला तर तो टिकतो का, विमानाच्या रेडिओ यंत्रणेत त्याचा अडथळा येतो का, याच्या चाचण्या होतात. आयपॅडसाठी ॲपलने सांगितलेली वापराची मर्यादा 35 अंश सेल्सियस. भर उन्हात उभ्या असलेल्या विमानात काचेजवळ लावलेला आयपॅड ती सहज ओलांडतो. म्हणून एक गेला तर दुसरा असतो.

पण 2015 च्या त्या दिवशी एकाच विमानातले दोन्ही आयपॅड एकदम गेले, कारण दोन्हींत ॲप तेच होतं आणि डेटाबेसही तोच. यंत्रं दोन असली तरी चूक एकच होती. तरीही मी या घटनेला मोठं अपयश म्हणणार नाही. ॲप बंद पडलेलं सगळ्यांना दिसलं आणि विमानं जमिनीवरच थांबली.

[दृश्य: मेलबर्न विमानतळ. धावपट्टीचे दिवे.]

आता सहा वर्षं मागे जाऊ. 20 मार्च 2009, रात्र. एमिरेट्सचं एअरबस ए340-500 मेलबर्नहून दुबईला निघालं आहे. विमानात 275 जण. उड्डाणाचं गणित करायला कॉकपिटमध्ये एक लॅपटॉप आहे, आजच्या टॅब्लेटचा थोरला भाऊ म्हणा. विमानाचं वजन, धावपट्टी, वारा आणि तापमान त्यात भरलं की किती जोर लावायचा आणि कोणत्या वेगाला नाक उचलायचं हे तो सांगतो. इंजिनांची झीज कमी व्हावी म्हणून विमानं बहुतेक वेळा पूर्ण जोर लावत नाहीत. गरजेपुरता लावतात. ती गरज ठरते वजनावरून.

विमानाचं वजन 362.9 टन. लॅपटॉपमध्ये भरलं गेलं 262.9.

तीनच्या जागी दोन. शंभर टनांचा फरक.

लॅपटॉप बंद पडला नाही. दिलेल्या वजनाचं उत्तर त्याने बिनचूक काढलं. आणि या घटनेतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की त्याच कॉकपिटमध्ये विमानाच्या स्वतःच्या संगणकात वजन बरोबर होतं. पण ती दोन यंत्रं एकमेकांशी बोलत नव्हती. ताडून पाहायच्या पायऱ्या होत्या, त्यातूनही चूक निसटली. वैमानिकांना आकडा खटकला नाही, कारण ते रोज वेगवेगळ्या वजनाची विमानं उडवत. आज हलकं, उद्या जड.

विमान धावलं, पण वेग हवा तसा वाढेना. नाक उचललं, तर शेपूट धावपट्टीवर घासलं. धावपट्टी संपत आली तेव्हा कॅप्टनने इंजिनांना पूर्ण जोर दिला. धावपट्टी ओलांडून, टोकाचा दिवा आणि पुढची रेडिओ अँटेना तोडत विमान कसंबसं वर गेलं. इंधन हवेत सोडून ते परत उतरलं. कोणालाही इजा झाली नाही.

[दृश्य: काळा पडदा. काही क्षण शांतता.]

कॅनडातल्या हॅलिफॅक्सला 14 ऑक्टोबर 2004 रोजी हे नशीब लाभलं नव्हतं. एमके एअरलाइन्सचं मालवाहू बोइंग 747 उड्डाण घेतानाच कोसळलं. सातही कर्मचारी गेले. तपासाचा निष्कर्ष असा, की लॅपटॉपवर गणित करताना बहुधा आधीच्या उड्डाणाचं वजन तसंच राहिलं होतं.

[दृश्य: आजचं कॉकपिट. दोन वैमानिक, दोन टॅब्लेट.]

आज अनेक कंपन्यांत दोन्ही वैमानिक आपापल्या टॅब्लेटवर स्वतंत्र गणित करतात आणि मगच उत्तरं जुळवतात. पद्धत चांगली आहे. पण दोघांनी एकाच कागदावरचा चुकीचा आकडा वाचला, तर उत्तरं जुळतात आणि दोन्ही चुकीची असतात. म्हणून टॅब्लेटबाहेरचा एक साक्षीदार हवा. एअरबसने ए350 साठी अशी यंत्रणा तयार केली आहे. धावपट्टीवर विमान खरोखर किती वेगाने वेग घेतंय हे ती मोजते, अपेक्षेशी ताडून बघते, आणि कमी पडत असेल तर वैमानिकांना सावध करते, तेही विमान अजून थांबवता येईल अशा वेगात. ही सोय अजून थोड्याच विमानांत आहे. ती जुन्या विमानांपर्यंत पोहोचवायला कंपन्यांनी खर्चाचं कारण पुढे करू नये, असं हॅलिफॅक्सचा तपास वाचल्यावर मला ठामपणे वाटतं.