पुतळा कधी बसला, कुणी रंगवला

मंडळी, नमस्कार.

आयोजकांनी विषय दिला आहे, ‘शहरातल्या सार्वजनिक कलेचं दप्तर’. ऐकून कुणालाही वाटेल, बाई आता एखाद्या संग्रहालयाची माहिती सांगणार. तसं काही नाही. आमचं काम बेळगावच्या रस्त्यांवरचं. चौकातले पुतळे, बागेतली शिल्पं, शाळा-वाचनालयांच्या भिंतींवरची तैलचित्रं, कुंपणाच्या भिंतींवर रंगवलेली चित्रं, या सगळ्यांची नोंद ठेवायची. वस्तू जिथल्या तिथेच राहते, आमच्याकडे येतो तो तिचा कागद.

चोरीला गेलेली कलावस्तू ओळखता यावी म्हणून १९९७ साली ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा एक नमुना जगापुढे आला. छायाचित्र, वस्तूचा प्रकार, माध्यम, मापं, तिच्यावरचा मजकूर, ओळखीच्या खुणा, विषय, काळ, कर्ता. एका पानात बसतं सगळं. संग्रहालयातल्या मूर्तीला ते पान पुरतं. चौकातल्या पुतळ्याला पुरत नाही, कारण त्याचं काही ना काही सतत चालू असतं. रस्ता रुंद झाला की तो सरकतो. चौथरा उंच होतो, वर छत्री येते, भोवती कारंजं येतं. मग कुणाला तरी वाटतं, मूर्तीच बदलूया. म्हणून आम्ही त्या पानाला जोडून दुसरं पान ठेवतो: या वस्तूला कुणी, कधी, काय केलं. माझ्या मते खरं दप्तर हेच दुसरं पान.

रंगाचंच घ्या. जयंती जवळ आली की पुतळ्याला रंग. प्रेमानं देतात, माझी तक्रार नाही. पण थरावर थर चढला की आधी पापण्या बुजतात, मग दागिन्यांवरचं बारीक काम, मग बोटांमधल्या फटी. पायाशी कोपऱ्यात मूर्तिकाराची सही असेल तर तीही त्याच रंगाखाली जाते. अनावरण करणाऱ्यांचं नाव कोनशिलेवर हातभर अक्षरांत असतं, घडवणाऱ्याचं मात्र हुडकावं लागतं. हे मला आजही खटकतं, आणि म्हणून आमच्या नोंदीत मूर्तिकाराचा रकाना सगळ्यात वर आहे.

दुसरा घोळ माध्यमाचा. कुणालाही विचारा, ‘पंचधातूचा आहे की’ असंच सांगतील. बहुतेक वेळा ते ब्राँझ असतं. पुतळ्यांच्या ओतकामात नेहमी चालणारं एक मिश्रण म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. कधी ते ब्राँझही नसतं, फायबर असतं, वर तपकिरी-सोनेरी रंग. खालून बघणाऱ्याला फरक कळत नाही. बोटाच्या पेरानं हळूच वाजवलं की फायबर रिकाम्या डब्यासारखं बोलतं. हे कळणं जरुरीचं, कारण दुरुस्ती माध्यमावर ठरते. ब्राँझचा हिरवट-काळसर थर बऱ्याचदा धातूला सांभाळून असतो, आणि आपण तोच चिंच-लिंबानं घासून ‘स्वच्छ’ करतो. फायबरला ऊन मारतं. चौथरा जांभ्याचा असला आणि वरचा गिलावा फुटला तर आपल्या पावसात पाणी आत शिरतं, कोनशिला धरून ठेवलेल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगतात आणि संगमरवराला तडा जातो. लोक म्हणतात कुणीतरी मुद्दाम फोडलं. दर वर्षी जून लागण्याआधी आणि पाऊस सरल्यावर त्याच कोनातून फोटो काढलेला असेल, तर फोडलं की फुटलं हे दाखवता येतं.

आता मुद्द्यावर येते. आपल्या भागात पुतळा म्हणजे नुसती कला नाही, हे तुम्हाला मी काय सांगू? इथे प्रत्येक चौकाला बाजू आहे. वाद पेटल्यावर दुसऱ्या दिवशी केलेली नोंद कुणीही मानत नाही, दोन्हीकडचे म्हणतात तुम्ही त्यांचे. साध्या मंगळवारी, काहीच घडत नसताना केलेली नोंद दोघंही मानतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर, पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा आदेश दिला. त्यानंतर ‘हा इथे कधीपासून आहे’ हा प्रश्न नुसता हौसेचा राहिला नाही. तेव्हा ठरावाची प्रत लागते, जुना फोटो लागतो.

येळ्ळूरच्या राजहंसगडावरच्या शिवपुतळ्याचं मार्च २०२३ मध्ये काही दिवसांच्या अंतरानं दोनदा अनावरण झालं. खरं कुठलं, असं मला लोक विचारतात. दप्तर ठेवणाऱ्यानं त्यात पडू नये. आमच्याकडे दोन्ही तारखा लागोपाठ लिहायच्या, दोन्ही निमंत्रणपत्रिका ठेवायच्या.

कागद शोधणं हा वेगळाच व्याप. बेळगाव १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत मुंबई राज्यात होतं. त्यामुळे आपल्या दप्तराचा एक पाय मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, दुसरा बेंगळुरूला. एका जागेचा माग काढताना कधी इंग्रजी पत्रव्यवहार लागतो, कधी मोडीतला अर्ज, आणि पुढे सगळं कन्नडमध्ये. मोडी वाचणारे आजोबा आणि कन्नड शिकलेली पोरगी एका टेबलाशी बसल्याशिवाय हे काम होत नाही. बसतात, आणि छान जमतं त्यांचं.

तैलचित्रांबद्दल थोडंच बोलते. ज्या गावात चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांनी शिकवलं, त्यांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार घडले, त्या गावातल्या सभागृहांमध्ये कुणी काढलं हे ठाऊक नसलेली व्यक्तिचित्रं टांगलेली आहेत. चौकटीच्या कडेखाली सही लपते. चित्र उतरवून मागची बाजू बघितली पाहिजे, तिथे तारीख, दुकानाची चिठ्ठी, देणगीदाराचं नाव सापडतं.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती न टिकणाऱ्या कलेची. १९२४ च्या इथल्या काँग्रेस अधिवेशनाला गांधीजी अध्यक्ष होते, आयुष्यात एकदाच. त्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आहे, लोक दाखवतात. प्रवेशद्वारी हंपीच्या धर्तीवर उभारलेलं गोपुर होतं, ते गेलं. आपले शिवजयंतीचे चित्ररथ तर एका रात्रीचे. वैशाखात मिरवणूक निघते, रात्रभर गल्लीगल्लीतले देखावे पुढे सरकतात, पहाटेला पोरं दाढी-मिशा उतरवून चहाला जातात. किल्ल्याचा देखावा कुणी उभा केला, प्लायवूड की थर्माकोल, संवाद कुणी लिहिले, अफजलखान कोण झाला होता? मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीत हे सगळं असतं, आणि ती वही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. चौकातला पुतळा निदान जागेवर सापडतो. देखाव्याची ती वही हाच एकमेव पुरावा.

म्हणून मंडळांना माझी विनंती. वह्या आणि फोटो आम्हाला देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा, आम्ही येऊन स्कॅन करतो. तोवर एवढं करा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पान तसंच राहू द्या. कपाटात डांबरगोळ्या टाकून निर्धास्त होऊ नका, कसर लागली का ते पावसाळ्यात अधूनमधून उघडून बघा. फोटोत कोण आहे हे सांगणारी माणसं घरात असतील तर याच आठवड्यात त्यांना विचारा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे चेहऱ्यावर उठतो.