उलट्या बाजूचं नाव

(दृश्य: पितळी गुंड, अगदी जवळून)

हा पाण्याचा गुंड लग्नातला. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलीत: 'मामाकडून सप्रेम भेट'. शेजारी मामाचं नाव, आडनावासकट. मागच्या कोनाड्यात दळणाचा डबा, त्यावर लाल ऑइलपेंटनं घरधन्याचं नाव. गिरणीत डबे बदलायला नकोत म्हणून. दारातल्या ट्रॉलीवर मुलाचं नाव आणि खाली 'आईचा आशीर्वाद'.

आता पलंगावरची चळत बघा. चौदा गोधड्या आहेत. नाव एकीवरही नाही.

(दृश्य: कडुनिंबाखाली पसरलेली गोधडी)

वर्धा नदीच्या काठचं हे गाव. कापूस निघाला, तूर-हरभरा घरात आला, की उन्हाळ्याच्या दुपारी बाया सावली धरून बसतात. खाली अस्तर, चार कोपऱ्यांवर चार दगड. त्यावर विरलेली पातळं, धोतराचे तुकडे, अर्धी चादर. सगळ्यात वर एखादं धडकं लुगडं. मग कडेनं धावदोरा सुरू. एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. शेवटची गाठ गोधडीच्या मधोमध पडते.

आजींना विचारलं, यावर नाव का घालत नाही? त्यांची सुई थांबली नाही. "आपलंच नाव आपुनच टाकाव का बाप्पा? आन् टाका दिसते नं."

टाका दिसतो, हे खरंच. शेजारच्या काकूंपुढे आम्ही तीन गोधड्या उलट्या टाकल्या. त्यांनी हात फिरवला आणि सांगून टाकलं. ही धाकट्या जावेची, तिचा टाका लांब आणि एका अंगाला कलतो. ही सासूबाईंची, गाठ शोधून दाखवा, सापडायची नाही. तिसरी उचलून त्यांनी सरळ मांडीवर घेतली. ती त्यांची स्वतःची.

ही सही आहेच. फक्त ती वाचणारी माणसं याच गल्लीत राहतात. नात नोकरीला पुण्याला गेली, गोधडी तिच्या बॅगेतून गेली, आणि तिथे ती झाली नुसती 'गावाकडची गोधडी'.

भिंतीवरचा हा फोटो गाडगेबाबांचा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. गोधडीनं माणसाला नाव दिलं. उलट्या दिशेनं मात्र ते फारसं गेलं नाही.

(दृश्य: मांजरपाटाचा तुकडा, पेन्सिल, सुई)

म्हणून ही नावाची पट्टी. मांजरपाटाचा वीतभर तुकडा. आधी गरम पाण्यात खळखळून घ्यायचा, म्हणजे खळ जाते आणि जेवढा आटायचा तेवढा आत्ताच आटतो. नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टी आकसते आणि गोधडीला सुरकुती पडते. त्यावर पेन्सिलीनं हलक्या दोन रेघा.

आता बघा, आजींच्या सुनेनं पहिल्यांदा काय शिवलं. शिरोरेषा. आधी सरळ दोरी बांधावी तशी वरची रेघ उलट्या टिपेनं घालून घेतली, मग एकेक अक्षर तिच्याखाली टांगलं. अक्षरं आधी शिवली की वरची रेघ हमखास डगमगते; त्यांनी एक पट्टी अशीच उसवली होती. गोलाईला टाका लहान घ्यायचा. जोडाक्षर आलं की अक्षराची उंची वाढवायची, नाहीतर 'ष्ठ'चा नुसता गुंता होतो. दोरा दुहेरी, रंग पक्का, आणि शेवटी गाठीवर भरवसा न ठेवता मागच्या टाक्यांतून दोनदा ओवून घ्यायचा.

पेनानंही लिहिता येतं. बॉलपेन नको, त्याची शाई पसरते आणि उडते. कापडावर लिहायचं पक्क्या शाईचं पेन मिळतं. लिहून, वाळवून, मागून गरम इस्त्री. आधी चिंधीवर लिहून धुऊन बघायचं.

(दृश्य: पाटावर बिब्याची फळं)

आणि हा बिबा. आपल्या जंगलातलाच. आतली गोडंबी आपण खातो, टरफलातलं तेल अंगाला लागलं तर फोड आणतं. इंग्रजीत या फळाला मार्किंग नटच म्हणतात, कारण धोबी कपड्यांवर खुणा करायला हेच वापरत. फळाला सुई टोचायची, टोकाला येणाऱ्या काळ्या तेलानं कापडावर ठिपके द्यायचे, वर चुना. ठिपका काळा होतो आणि साबणाला दाद देत नाही. गुंडावरच्या अक्षरांसारखंच हेही ठिपक्यांचं लिहिणं. या खुणेनंसुद्धा काहींच्या कातडीवर पुरळ उठतं, म्हणून बाळाच्या दुपट्यावर बिबा नाही.

पट्टी लावायची कधी? आपण म्हणू, सगळं झाल्यावर. तसं नाही. थर रचायच्या आधीच ती अस्तराच्या कोपऱ्यावर शिवून टाकायची. मग गोधडीचे कडेचे फेरे पट्टीतून आरपार जातात. ती काढायची तर गोधडीच उसवावी लागेल. शहरातल्या दुकानात गेलेल्या गोधडीवर दुकानाची पट्टी असते, शिवणारीची नसते. तिला पैसे नगावर मिळतात.

पट्टीवर किती लिहावं याला अंत नाही. गाव, महिना, साल हवंच. पण सुनेनं एक ओळ आणखी घातली: 'आत आईचं हिरवं पातळ, बाबांचं धोतर'. हे पातळ आता वरून दिसत नाही. गोधडीच्या पोटात काय आहे, ते सांगायला आता फक्त ही ओळ.

(दृश्य: आजी, हातात कोरी पट्टी)

पट्टी आजींकडे आली तेव्हा भलताच प्रश्न निघाला. कोणतं नाव? त्यांचं नाव याआधी एकदा लिहिलं गेलं होतं, लग्नात, ताटातल्या तांदळावर, अंगठीनं. लिहिणारे नवरदेव होते, नावही नवीन होतं. अक्षरं वाचायच्या आत तांदूळ गोळा झाले.

आजींनी बराच वेळ पट्टी नुसती मांडीवर ठेवली. मग सुनेला जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं. सून हसली. "हे तर मलाही माहीत नव्हतं," म्हणाली, आणि पेन्सिलीनं तीन अक्षरं काढून दिली. माहेरचं नाव.

ती अक्षरं आम्ही चित्रित केली नाहीत. आजींनी हातानं झाकली होती.

(दृश्य: हात, सुई, शिरोरेषेचा पहिला टाका)