किनाबातांगानच्या काठावरची ढोली

सकाळचे सहा वाजलेत. धुकं इतकं आहे की समोरचा काठ दिसतच नाहीये, नुसतं बोटीचं टोक आणि पुढे दुधाच्या चहासारखं गढूळ पाणी. ही किनाबातांगान. बोर्निओ बेटावर मलेशियाचं साबाह राज्य आहे, तिथली सगळ्यात लांब नदी, ५६० किलोमीटर वाहत जाऊन सुलू समुद्राला मिळते, आणि आपण आहोत तिच्या खालच्या अंगाला, सुकाऊ गावाजवळ.

बोट चालवतायत ते आमचे गाइड. आम्ही त्यांना आबांग म्हणायचो, मलय भाषेत आबांग म्हणजे दादा. ओरांग सुंगाय समाजाचे आहेत, नावाचा अर्थच नदीची माणसं. दुर्बीण गळ्यात आहे पण बघा, आधी मान वाकडी करून ऐकतात, आणि मग नुसती हनुवटी उचलून दाखवतात की तिकडे बघा.

मेनांगुल नावाच्या अरुंद फाट्यात शिरलो की मोठं इंजिन बंद होतं आणि बॅटरीवरची मोटर लागते. आवाजातला फरक तुम्हीच ऐका.

हा तिरंदाज. पोहताना फक्त मान वर असते म्हणून सापच वाटतो पाण्यात. याची पिसं भिजतात, त्यामुळे बुडी मारायला सोपं जातं, पण मग बाहेर येऊन असे पंख पसरून वाळत बसावं लागतं, आम्ही दहा मिनिटं समोर होतो तरी जागचा हलला नाही. आणि ही लाल चोच, हा मोठा खंड्या. पलीकडच्या वाळक्या झाडावर स्टॉर्म्स स्टॉर्क, जगात फार थोडे उरलेले करकोचे आहेत हे, लांबून का होईना पण मिळाला.

आता जरा थांबा. हा आवाज... कोणीतरी जड चादर झटकत येतंय असा. धनेश उडतोय. त्याच्या पंखाखाली, मोठ्या पिसांच्या बुडाशी झाकायला छोटी पिसं नसतात, तिथून हवा जाते आणि हा आवाज होतो. बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत आणि आठही या नदीकाठी दिसतात. हा त्यातला ऱ्हायनोसेरॉस, मलेशियाचा राष्ट्रीय पक्षी. चोचीवरचं ते वर वळलेलं शिंग बघा, आतून बरंचसं पोकळ असतं आणि मुळात फिकट. हा नारिंगी रंग तो स्वतः लावतो, शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्यावर चोच घासून घासून. डोळा लाल आहे म्हणजे नर, मादीचा पांढरा असतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. एवढी मोठी चोच पण धनेशाला झाडात भोक पाडता येत नाही. त्याला तयार ढोली लागते, आणि एवढा पक्षी आत मावेल अशी ढोली फक्त जुन्या, जाडजूड झाडात होते, फांदी मोडते, तिथे लाकूड कुजत जातं, याला पिढ्यान् पिढ्या लागतात. मादी आत जाते आणि माती, विष्ठा, फळांचा चोथा असं थापून तोंड बुजवून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. पुढे अंडी, पिल्लू, सगळं त्या अंधारात, आणि बाहेरून एकटा नर दिवसभर फळं आणून देत राहतो. आई आधी बाहेर पडली तर पिल्लू आतून ती फट पुन्हा लिंपून घेतं.

आणि या काठावरची जुनी झाडं कित्येक वर्षं लाकडासाठी तोडली गेली, मग मागे पाम तेलाचे मळे आले. ड्रोनमधून बघा, ही काठालगतची गर्द पट्टी आणि लगेच त्या सरळ रेषा. २००५ मध्ये इथे अभयारण्य झालं, साधारण २६,००० हेक्टर, पण तेही दहा तुकड्यांत. पक्षी भरपूर दिसतात, कारण त्यांना जायला दुसरीकडे जागाच नाही. हेल्मेटेड धनेशाचा तर आम्हाला नुसता आवाज मिळाला, त्याचं शिंग भरीव असतं, कोरीव कामासाठी त्याची इतकी शिकार झाली की २०१५ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

तर ही पेटी बघा, धनेशांसाठी ढोलीच्या जागी झाडाला उंचावर बांधलेली. हुतान नावाची संस्था गावकऱ्यांना घेऊन हे काम करते. दिसायला साधी वाटते पण खऱ्या खोडाची भिंत जाड असते, आत गारवा आणि ओल टिकते, पेटी मात्र उन्हात तापते, त्यामुळे आतलं तापमान मोजत मोजत डिझाइन सुधारावं लागलं. आबांग म्हणाले, पहिल्यांदा धनेश नुसते येऊन डोकावून जायचे.

ही फट लिंपलेली आहे. आम्ही लांब बोटीतच थांबलो, अडीच तास. नर आला, फांदीवर बसला, आधी खाली आमच्याकडे बघितलं. मग मान झटकून गळ्यातून एक उंबर काढलं, चोचीच्या टोकावर धरलं आणि फटीत दिलं. मग दुसरं. आबांग हळू आवाजात मोजत होते. अकरा झाली.