कंपनी पेंट

(काळा पडदा. फक्त आवाज: टक्.)

एक्सप्रेस-वेवर गाडी चालवणाऱ्याला हा आवाज लगेच ओळखू येतो. पुण्याहून येताना घाट उतरलो, पुढे खडीचा डंपर. त्याच्या मागच्या जोडचाकांमधून एक खडा सुटला. हरभऱ्याएवढाच असेल, पण तो आणि मी समोरासमोर येत होतो. घरी पोचल्यावर बिल्डिंगखाली मोबाइलचा टॉर्च मारून बॉनेट बघितलं. पुढच्या कडेला मसुरीएवढा टवका उडालेला, आत राखाडी ठिपका.

राखाडी आहे म्हटल्यावर जरा हायसं वाटलं.

(परळमधली गल्ली. गॅरेज नुकतं उघडतंय.)

हे काका पेंटर. नाव पडद्यावर नको म्हणाले. "नाव टाकलंस की फुकट सल्ल्याला रांग लागेल."

त्यांची तपासणी नखाने होते. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं. अडकलं नाही तर ओरखडा वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, कंपाउंड (घासायची बारीक पेस्ट) आणि बफिंगने जाईल. अडकलं तर खाली कुठवर गेलाय ते बघायचं. आणि हे "खाली" म्हणजे किती? कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडी असते. डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवा, जवळपास तेवढीच. त्यात चार थर. तळाला ई-कोट: अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने चढवलेला, गंजापासून पत्र्याला जपणारा. त्यावर प्रायमर, मग रंग, शेवटी क्लिअर.

माझा राखाडी ठिपका हा खालच्या थरांचा. पत्रा उघडा पडला नव्हता. पडला असता तर मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत, त्यात पावसाळा तोंडावर आलेला असताना, तांबूस कड यायला वेळ लागला नसता. गंज एकदा रंगाखाली शिरला की बाहेरून दिसतो तो फोड, आत तो बराच पुढे गेलेला असतो. बंपरवर टवका उडाला तर ही काळजी नाही, ते प्लास्टिक.

मी म्हटलं, "काका, पूर्ण बॉनेटच मारून टाका."

"मारतो की. मला पैसे जास्तच मिळतील. पण कंपनी पेंट परत कुठून आणशील?"

त्यांचं म्हणणं खरं आहे. कारखान्यात रंग भट्टीत भाजतात, 140 अंशांच्या आसपास. तेव्हा बॉडी नुसता पत्रा असते: वायरिंग नाही, सीट नाहीत, डॅशबोर्ड नाही. तयार गाडी त्या भट्टीत घालता येत नाही. चांगल्या बूथमध्येही, म्हणजे गॅरेजच्या रंगकामाच्या बंद खोलीतही, काम 60 अंशांच्या आसपासच चालतं. म्हणून जुनी गाडी घ्यायला येणारा जाणकार जाडी मोजायचं यंत्र पत्र्याला लावतो. एखाद्याच भागावर आकडा दुपटीने वाढला की त्याच्या कपाळावर आठी आणि भावात कपात.

इन्शुरन्सचंही विचारलं. मसुरीएवढ्या टवक्यासाठी क्लेम घातला तर नो क्लेम बोनसवर पाणी. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर 50 टक्के सूट मिळते. कोण सोडेल?

(जवळून: काकांचा हात, बॉनेटची कड.)

आधी शाम्पूने धुणं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फडका, कारण जुन्या पॉलिशचा मेणचट थर राहिला तर नवा रंग धरत नाही. सुटू पाहणारी कड सुईने उचलून काढली. गंज नव्हता, असता तर तो खरवडून प्रायमरचा थेंब आधी दिला असता.

रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर होता. मिक्सिंगवाल्याने त्यावरून वजनकाट्यावर रंग बनवून दिला. काकांनी ब्रश घेतलाच नाही. आगपेटीची काडी ब्लेडने टोकदार तासली, टोकावर टाचणीच्या डोक्याएवढा रंग घेतला आणि टवक्याच्या मधोमध नुसता टेकवला. रंग आपण होऊन कडेपर्यंत पसरला. कडेबाहेर एक टिंबही नाही.

वाळला तसा तो खाली बसला, थिनर उडून गेला ना. पुन्हा थेंब. पुन्हा थांबा. एका जाड थेंबात काम उरकायला गेलात तर वरून वाळतो, आत मऊ राहतो. चौथ्या वेळी क्लिअर, तोही जरा उंच ठेवलेला. मग काही दिवसांनी खोडरबराच्या तुकड्याला 2000 नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, पाणी मारत, तेवढाच उंचवटा घासायचा. नंतर 3000, नंतर कंपाउंड.

माझी गाडी साधी पांढरी, म्हणून निभावलं. सिल्व्हरमध्ये अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. स्प्रेने ते सपाट बसतात, काडीने कसेही पडतात आणि डाग काळपट दिसतो.

काकांचा खरा राग मात्र डंपरवर नाही, सकाळच्या फडक्यावर आहे. एकाच बादलीत पाच गाड्या पुसायच्या, त्यात समोर टॉवरचं बांधकाम. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या यातूनच आलेल्या. आम्हीही पुसणाऱ्याला दुसरी बादली कधी दिली नाही, हेही खरं.

(चार दिवसांनंतर. तीच कड, तिरक्या उन्हात.)

वीतभर अंतरावरून बघितलं तर जागा सापडते. दोन पावलं मागे गेलं की मलाच शोधावी लागते.

निघताना काकांनी उरलेला रंग होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ओतला, मास्किंग टेपच्या पट्टीवर कोड लिहून चिकटवला.

"गाडीत ठेवू नकोस, उन्हात घट्ट होईल. घरात ठेव. आणि गोळ्यांच्या डब्यात नको."