छेदात काय आहे? मिठागरापासून विहिरीपर्यंत द्रावणाची संहती

मित्रहो, शिरोड्यात द्रावणाच्या संहतीविषयी, म्हणजे त्यात विरघळलेला पदार्थ किती प्रमाणात आहे याविषयी बोलायचे, तर उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. 1930च्या मिठाच्या सत्याग्रहात ज्या मिठागरांचे नाव सर्वदूर गेले, ती इथलीच. वाफ्यातले समुद्राचे पाणी उन्हाने आटत जाते आणि अखेरीस त्यात मीठ धरू लागते. हे पाणी किती खारट, या प्रश्नाला अनेक उत्तरे देता येतात आणि ती सारी बरोबर असतात. मात्र प्रत्येक उत्तराचा छेद, म्हणजे ज्याने भागायचे ती राशी, वेगळा असतो, आणि तो न सांगितल्यास संख्येला अर्थ उरत नाही.

समुद्राच्या पाण्यात किलोमागे सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे वजनी 3.5 टक्के. लिटरभर असे पाणी सुमारे 1.025 किलो भरते, म्हणून लिटरमागे क्षार जवळजवळ 36 ग्रॅम होतात. फरक किरकोळ असल्याने किलो आणि लिटर एकच मानण्याची सवय लागते.

दाट द्रावणात ही सवय महागात पडते. 25 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळते. याला 36 टक्के म्हणता येणार नाही, कारण टक्केवारीच्या छेदात नुसते पाणी नसून 136 ग्रॅमचे संपूर्ण द्रावण असते. उत्तर येते सुमारे 26.5 टक्के. मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या. सोडियम क्लोराइडच्या, म्हणजे मिठाच्या, एका मोलचे वस्तुमान 58.44 ग्रॅम. एक किलो पाण्यामागे 360 ग्रॅम मीठ, म्हणजे 6.16 मोल, ही झाली मोलॅलिटी. त्याच द्रावणाची घनता लिटरला सुमारे 1.2 किलो असल्याने एका लिटरमध्ये मीठ साधारण 318 ग्रॅम, म्हणजे 5.4 मोल भरते, ही मोलॅरिटी. ऊन वाढले की द्रावण प्रसरण पावते आणि मोलॅरिटी किंचित उतरते. मोलॅलिटी मात्र तशीच राहते, कारण वजन तापमानाने बदलत नाही.

मीठ उद्योगात या दोहोंऐवजी हायड्रोमीटर या द्रवात तरंगणाऱ्या उपकरणावरचे बोमे अंश (घनतेचे एक माप) वाचतात आणि 25 बोमे अंशांच्या सुमारास मीठ धरते. पण ते उपकरण घनता सांगते, मीठ नव्हे. मीठ काढून घेतल्यावर उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार दाटलेले असतात, त्यामुळे त्या अंशांवरून मिठाची टक्केवारी काढली तर ती चुकते.

आता विहिरीकडे वळू. इथे द्रावण इतके विरळ असते की लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम (दशलक्ष भागांत एक भाग) मानायला हरकत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. अहवाल वाचताना मी आग्रहाने सांगेन की हा आकडा क्लोराइडचा, म्हणजे मिठाच्या एका घटकाचा आहे, सबंध मिठाचा नाही. तेवढे क्लोराइड मिठातून आले असेल, तर मीठ 412 मिलिग्रॅम असते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 20 ग्रॅम, म्हणजे 20,000 मिलिग्रॅम क्लोराइड असते. त्याला 250ने भागा, उत्तर 80 येते. किनाऱ्यालगतच्या विहिरीचा उपसा वाढून खारे पाणी आत शिरू लागले, की 80 लिटरमागे समुद्राचे एकच लिटर मिसळले तरी ही मर्यादा गाठली जाते, आणि विहिरीत आधीपासून असलेले क्लोराइड तर आपण अजून धरलेलेच नाही.