बियाचं लिंबू

(चित्रफितीचं निवेदन.) सुरी लिंबाच्या मधोमध न घालता थोडी कडेने घातली आहे, बिया कापल्या जाऊ नयेत म्हणून. रस सरबताला गेला. गाळणीत उरलं ते आपल्या कामाचं. टपोऱ्या बिया तेवढ्या निवडायच्या, पाण्यात चोळून बुळबुळीतपणा काढायचा आणि लगेच पेरायच्या. लिंबाची बी वाळवून डबीत ठेवण्याची नाही, सुकली की तिची उगवण घटते.

टोकाशी नख लावलं की पांढरं टरफल सुटतं, आतला तपकिरी पापुद्राही निघतो. अशी सोललेली बी लवकर रुजते. खाली भोक असलेली कुंडी, माती, थोडी वाळू, चाळलेलं शेणखत. बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकी खोल. माती ओलसर हवी, चिखल नको. साधारण दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात.

आता इथे जवळून बघा. पेरलेली बी एकच होती, कोंब मात्र तीन आले आहेत.

1719 साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेवेनहूक या सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासकाने संत्र्याच्या एकाच बीत दोन गर्भ असल्याची नोंद केली. कागदी लिंबातही तेच घडतं. एक गर्भ परागीभवनातून होतो, बाकीचे थेट आईझाडाच्या, म्हणजे ज्याचं ते फळ आहे त्या झाडाच्या, पेशींतून. कागदी लिंबू मुळात संकर आहे: आई मायक्रांथा नावाची रानटी जात, बाप आपलं महाळुंग. परागीभवनातून आलेलं रोप म्हणूनच कसंही निघू शकतं. पण आईझाडाच्या पेशींतून आलेली रोपं हुबेहूब त्या झाडासारखी असतात, आणि कागदी लिंबात बहुतेक रोपं अशीच निघतात. ‘बियाचं लिंबू काय खरं’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या साई शरबती वाणाची रोपंही बियांपासूनच करतात.

निवड कशी करायची? सारख्या उंचीची, सारख्या पानांची रोपं ठेवायची. फार खुरटलेलं किंवा पानाने वेगळं दिसणारं काढायचं. पान चुरगळून बघा, कागदीचा वास लगेच ओळखू येतो.

हे पानावर पडलंय ते पाखराची विष्ठा वाटेल. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी आहे. मोठी झाली की हिरवी होते आणि कोवळी पानं संपवते. घरच्या चार रोपांना औषध कशाला? सकाळी पानं उलटून बघायची आणि अळी हाताने उचलायची.

काटे बघा केवढे आहेत. बियाच्या झाडाला तरुणपणी ते असेच येतात. छाटणीचा मोह आवरा, वारंवार छाटलं की फूल आणखी लांबतं.

(पडद्यावर अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा. फुलं, मधमाश्या, पहिली हिरवी लिंबं. इथे निवेदन नाही.)

बी ते फळ साधारण चार ते सहा वर्षं, कुंडीत त्याहून जास्तही. कलम लवकर फळतं, हे खरं. संत्र्याला बियापासून आणखी वेळ लागतो आणि पपनसाच्या बीत एकच गर्भ असल्याने त्याचं फळ आईसारखं येईलच असं नाही. म्हणून सुरुवात कागदीनेच करा. जमिनीत लावायचं तर पावसाळ्याच्या तोंडावर, पूर्ण उन्हात आणि पाणी साचणार नाही अशा जागी.